पुसलेल्या पानांतील कायदा

कायद्याचें पुस्तक म्हटलें कीं सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर वकिलाच्या बैठकींतील कपाट उभें राहतें. त्या कपाटांत चालू कायदा असतो. रद्द झालेलें पुस्तक तेथून निघतें आणि त्याच्या जागीं नवें येऊन बसतें. कायद्याच्या इतिहासाचा अभ्यासक मात्र नेमका त्या काढून टाकलेल्या पुस्तकाच्या शोधांत असतो. बंद पडलेली न्यायपद्धति, विस्मृत झालेली भाष्यें, एकेकाळीं न्यायाधीशांच्या तोंडीं असलेले आणि आज कोणासही ठाऊक नसलेले शब्द, यांवरूनच आजचा कायदा असा कां झाला याचा उलगडा होतो. त्यांतही शोध परक्या देशाच्या प्राचीन कायद्याचा असेल, तर ग्रंथालयावांचून दुसरा आधार उरत नाहीं. येथील साक्षीदार म्हणजे जुन्या पोथ्या, आणि त्यांची उलटतपासणी ग्रंथालयांतच व्हावयाची असते.

ही उलटतपासणी कशी चालते, तिला किती काळ लागतो आणि तिच्यांतून काय हातीं येतें, याचें एक उत्तम उदाहरण रोमन कायद्याच्या इतिहासांत आहे. तें गायस नांवाच्या एका कायदेपंडिताचें.

गायस हा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत होऊन गेला. त्याचें कुलनाम काय, तो मूळचा कोठला, हें आज कोणासही निश्चित सांगतां येत नाहीं. परंतु त्यानें कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठीं १६१ सालाच्या सुमारास एक सुबोध पाठ्यपुस्तक लिहिलें. ‘इन्स्टिट्यूट्स’ या नांवानें तें ओळखलें जातें. त्याचे चार भाग आहेत. माणसांचे दर्जे, मालमत्ता, वारसा व करार, आणि दावे, अशा क्रमानें त्यांत रोमन कायदा उलगडून दाखविलेला आहे. पुस्तक लोकप्रिय झालें आणि साम्राज्यांत सर्वत्र त्याच्या प्रती पसरल्या.

पुढें सहाव्या शतकांत सम्राट जस्टिनियन यानें सर्व रोमन कायदा एकत्र करविला. जुन्या पंडितांच्या ग्रंथांतून उतारे निवडून केलेला ‘डायजेस्ट’ हा प्रचंड संग्रह ५३३ सालीं अंमलांत आला. विद्यार्थ्यांसाठीं सम्राटानें स्वतःच्या नांवानें जें नवें पाठ्यपुस्तक काढलें, त्याचा सांगाडा गायसच्या पुस्तकाचाच होता. हे संग्रह तयार करणाऱ्यांना सम्राटानें दोन अधिकार दिले होते : कालबाह्य मजकूर गाळण्याचा, आणि जुन्या पंडितांचे शब्द नव्या कायद्यास जुळतील असे बदलण्याचा. शिवाय यापुढें न्यायालयांत जुनीं मूळ पुस्तकें कोणी आधारास घेऊं नयेत, असेंही फर्मान निघालें. ज्या पुस्तकाचा न्यायालयांत उपयोग नाहीं, त्याची नक्कल कोण करणार ? नकला होईनाशा झाल्या, जुन्या प्रती झिजल्या, आणि गायसचें पुस्तक जगांतून नाहींसें झालें.

यांत अडचण कोणती, असा प्रश्न सहज मनांत येईल. सार जर जस्टिनियनच्या ग्रंथांत उतरलेंच होतें, तर मूळ पुस्तक गेल्यानें काय बिघडलें ? बिघडलें तें असें : दुसऱ्या शतकांतील कायदा पुढील हजार-बाराशें वर्षें लोकांनीं सहाव्या शतकाच्या चष्म्यांतून पाहिला. कोणतें वाक्य मूळ पंडिताचें आणि कोणतें मागाहून फिरविलेलें, हें ओळखण्यास साधनच उरलें नाहीं. नातवानें स्वतःच्या हातानें दुरुस्त केलेली आजोबांची रोजनिशी वाचून आजोबांविषयीं मत बनवावें, त्यांतलाच हा प्रकार होता.

इ. स. १८१६ मध्यें हें चित्र पालटलें. रोमचा इतिहास लिहिणारा विख्यात जर्मन पंडित नीबुर हा प्रशियाचा वकील म्हणून रोमला निघाला होता. वाटेंत तो इटालींतील व्हेरोना या शहरीं थांबला आणि तेथील मुख्य देवळाच्या धर्मोपदेशक-मंडळाच्या ग्रंथालयांत गेला. तेथें सेंट जेरोम या धर्मपुरुषाच्या पत्रांची एक जुनी पोथी होती. पत्रांच्या ओळींखालीं आणखी कांहीं पुसट अक्षरें नीबुरच्या दृष्टीस पडलीं. पूर्वीं चर्मपत्र फार महाग असे. म्हणून नको असलेला मजकूर खरडून अथवा धुऊन काढीत आणि त्याच कातड्यावर नवा ग्रंथ लिहीत. आपल्याकडे धुळाक्षरें पुसून पाटीवर पुन्हां लिहीत, तशांतलीच ही रीत. परंतु चर्मपत्रांत मुरलेली शाई पाटीवरच्या धुळीसारखी साफ जात नाहीं. नीबुरनें तें खालचें लिखाण रोमन कायद्याचें आहे हें ओळखलें. ग्रंथकार कोण याविषयीं त्याचा प्रथम तर्क निराळा होता. जर्मनींतील कायद्याच्या इतिहासाचे आचार्य साविन्यी यांनीं मजकूर तपासून तो गायसचा असल्याचा निर्णय दिला.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. या ग्रंथाचें एक सुटें पान, ज्यावर दुसरें कांहीं लिहिलेलें नव्हतें, तें त्याच ग्रंथालयांत होतें. अठराव्या शतकांत व्हेरोनाच्याच माफ्फेई या पंडितानें त्याची माहिती प्रसिद्धही केली होती. म्हणजे खूण उघड्यावर पडलेली होती; ती जोडून पाहणारी नजर मात्र दोन-तीन पिढ्यांनंतर आली. ग्रंथालयांतील शोध बहुधा असेच लागतात. वस्तु अंधारांत नसते. ती सूचींत निराळ्या नांवाखालीं नोंदलेली असते. या पोथीची ओळख सेंट जेरोमच्या नांवानें होती. कायदा शोधणाऱ्यानें धर्मग्रंथांच्या कपाटाकडे वळण्याचें कारणच नव्हतें.

त्यानंतर खरें कष्टाचें काम सुरू झालें. १८१७ सालीं बर्लिनच्या विद्वत्संस्थेनें ग्योशेन व बेक्कर या पंडितांना व्हेरोनाला पाठविलें, आणि पुढें बेथमान-होलवेग त्या कामांत सामील झाला. सुमारें सव्वाशें पानें, त्यांपैकीं कांहीं तर दोनदां खरडून तिसऱ्यांदा लिहिलेलीं. वरच्या मजकुराच्या जाळींतून खालचें एकेक अक्षर वेंचावयाचें. १८२० सालीं पहिली छापील आवृत्ति निघाली. नंतर ब्लूमे यानें पुन्हां वाचन केलें. परंतु पुसट शाई उठून दिसावी म्हणून त्यानें तीव्र रासायनिक द्रव वापरले. अक्षरें क्षणभर उजळलीं खरीं, पण पानें काळवंडलीं, आणि पुढच्या वाचकांचें काम अधिकच अवघड झालें. अखेर श्टुडेमुंड यानें अतिशय चिकाटीनें ओळीस ओळ व अक्षरास अक्षर अशी हुबेहूब नक्कल तयार केली व ती १८७४ सालीं प्रसिद्ध झाली. पोथीचा सुमारें दहावा हिस्सा तरीही वाचतां आला नाहीं किंवा हरवलेलाच राहिला. आज निरनिराळ्या प्रकाशांत छायाचित्रें घेऊन पानास स्पर्श न करतां पुसट अक्षरें वाचण्याची सोय आहे. उतावीळपणानें एखादें पान वाचण्यापेक्षां तें पुढच्या पिढीसाठीं जसेंच्या तसें राखणें हीही विद्येची सेवाच होय, हा धडा ब्लूमेच्या द्रवानें शिकविला.

एवढ्या खटाटोपानें मिळालें काय ? गायसच्या चौथ्या भागांत रोमच्या अति प्राचीन न्यायपद्धतीचें वर्णन आहे. जस्टिनियनच्या काळीं ती पद्धति केव्हांच लोपली असल्यामुळें त्याच्या पाठ्यपुस्तकांत तिला जागा नव्हती. त्या जुन्या पद्धतींत वादीस ठराविक शब्द उच्चारून दावा मांडावा लागे, व एक शब्द चुकला तरी दावा बुडे. गायस एक दाखला देतो. कोणाच्या तरी द्राक्षवेली दुसऱ्यानें तोडल्या. वादीनें न्यायासनापुढें ‘वेली’ असा शब्द उच्चारला. परंतु ज्या प्राचीन द्वादश-फलकांच्या कायद्यान्वयें तो दावा होता, त्यांत ‘झाडें’ असा सरसकट शब्द होता. वेली खरोखर तोडल्या होत्या, नुकसान खरें होतें. तरी शब्द निराळा म्हणून माणूस दावा हरला. कायदा हा एके काळीं मंत्रासारखा कसा होता, आणि त्या कडक सांच्यांतून लवचिक न्यायपद्धति हळूहळू कशी निघाली, हें या एका पुसलेल्या पोथीमुळें कळलें.

दुसरी गोष्ट स्त्रियांविषयींची. रोममध्यें प्रौढ स्त्रियांनाही पालकाच्या संमतीवांचून कांहीं महत्त्वाचे व्यवहार करतां येत नसत. स्त्रियांचें मन चंचल असतें, असें त्याचें कारण लोक सांगत. हें कारण वरवर पटण्यासारखें असलें तरी खरें दिसत नाहीं, प्रौढ स्त्रिया आपले व्यवहार स्वतःच पाहतात, असा अभिप्राय गायसनें दुसऱ्या शतकांत नोंदवून ठेवला आहे. सर्व जुने लोक एकाच मताचे होते, असें म्हणण्याची जी आपल्याला सवय असते, तिला अशा एका वाक्यानें तडा जातो.

गायसची कहाणी येथें संपली नाहीं. व्हेरोनाची प्रत ही एकच प्रत. नक्कल करणाऱ्यानें तिच्यांत काय गाळलें वा बदललें हें कसें ठरवावयाचें? त्याचें उत्तर इजिप्तच्या कोरड्या वाळूनें दिलें. ऑक्सिरिंकस येथें सांपडलेल्या पपायरसचे तुकडे १९२७ सालीं प्रसिद्ध झाले, तेव्हां त्यांवरील गायसचा मजकूर व्हेरोनाच्या पाठाशीं पुष्कळ अंशीं जुळतो असें दिसलें. साक्षीदार विश्वासाचा ठरला. पुढें १९३३ सालीं इजिप्तमधून मिळालेलीं चर्मपत्राचीं कांहीं पानें इटालियन पंडितांनीं प्रकाशांत आणलीं. तीं आज फ्लॉरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयांत आहेत. ‘डायजेस्ट’ची सहाव्या शतकांतील अमोल प्रतही त्याच ग्रंथालयांत आहे. म्हणजे ज्या संग्रहामुळें गायस लुप्त झाला तो संग्रह, आणि त्याच गायसचीं परत आलेलीं पानें, आज एका छपराखालीं नांदत आहेत.

या इजिप्तच्या पानांत व्हेरोनाच्या प्रतींत नसलेला एक उतारा आहे, आणि तो महाराष्ट्रांतील कोणत्याही घरास जवळचा वाटेल असा आहे. गायस सांगतो कीं, पूर्वीं रोममध्यें कुटुंबप्रमुख वारला म्हणजे त्याच्या प्रत्यक्ष वारसांमध्यें मालमत्तेची एक स्वाभाविक भागीदारी आपोआप अस्तित्वांत येई. तिला ‘एर्क्तो नोन कितो’ असें जुनें नांव होतें. त्याचा अर्थ, न वांटलेली मालकी. भाऊ एकत्र राहत, मालमत्ता एकत्र असे. वांटणी हवी असल्यास तिच्यासाठीं स्वतंत्र दावा होता, हेंही याच पानांवरून समजलें.

हें वाचतांच आपल्याकडील वाचक म्हणेल, हें तर आपलें अविभक्त कुटुंब ! तौलनिक अभ्यासाची खरी कसोटी याच ठिकाणीं लागते. साम्य दिसलें कीं ‘सर्व आर्यांचा कायदा एकच’ असा निष्कर्ष काढणें सोपें असतें. एकोणिसाव्या शतकांत पुष्कळांनीं तो काढला. हेन्री मेन यांचा ‘एन्शंट लॉ’ हा ग्रंथ १८६१ सालीं निघाला; त्यांत रोमन व हिंदु संस्थांची तुलना मोठ्या प्रतिभेनें केली आहे. पुढें १८६२ ते १८६९ पर्यंत मेन हे हिंदुस्थान सरकारचे कायदेमंत्री होते. परंतु इजिप्तचीं हीं पानें त्यांच्या वेळीं कोणाच्याच हातीं नव्हतीं. आज तीं आहेत. म्हणून तुलना अधिक काटेकोर करतां येते.

विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’ चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळांत, म्हणजे अकराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास, रचली गेली. तिच्या मतें वडिलोपार्जित मालमत्तेंत मुलाचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो; यास जन्मस्वत्ववाद म्हणतात. बंगालमध्यें मान्य असलेल्या जीमूतवाहनाच्या ‘दायभागा’नें मुलाचा हक्क बापाच्या मृत्यूनंतर मानला, तो उपरमस्वत्ववाद. रोमन भागीदारी बापाच्या मृत्यूनें जन्मास येते. म्हणजे या मुद्द्यावर ती महाराष्ट्रांत चालणाऱ्या मिताक्षरेपेक्षां बंगालच्या दायभागास जवळची आहे. उलट दायभागांत प्रत्येक भावाचा हिस्सा ठरलेला असतो. रोममध्यें मात्र एका भावानें सामाईक गुलाम मुक्त केला तर तो सर्वांच्या वतीनें मुक्त होई, आणि एकानें सामाईक वस्तु विधिपूर्वक दुसऱ्याच्या हवालीं केली तर ती सर्वांच्या हातून जाई. मिताक्षरेंत एवढा अधिकार एकट्या भावास नाहीं. आपत्ति, कुटुंबाची गरज अथवा धर्मकृत्य असें कारण असावें लागतें. रोममध्यें परक्या माणसांनाही न्यायाधिकाऱ्यापुढें विधि करून अशी भावांसारखी भागीदारी जोडतां येत असे. मिताक्षरेप्रमाणें विभक्त झालेल्यांचें पुन्हां एकत्र होणें केवळ बाप, भाऊ व चुलता यांच्याशींच शक्य आहे. आणखी एक भेद तर फारच बोलका आहे. रोमच्या प्रत्यक्ष वारसांत मुलाप्रमाणें बापाच्या सत्तेखालीं असलेली मुलगीही येई. आपल्याकडे एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेंत मुलीस जन्मतः मुलासारखाच हक्क सर्व देशभर मिळाला तो २००५ सालच्या कायद्यानें. महाराष्ट्रानें १९९४ सालींच तशी दुरुस्ती केली होती.

अशी तुलना करणाऱ्यास ग्रंथालयांत कोणती शिस्त पाळावी लागते ? पहिली गोष्ट, पुस्तकाची आवृत्ति. १८२० सालची गायसची आवृत्ति आणि १९३३ नंतरची आवृत्ति हीं एका नांवाचीं दोन पुस्तकें आहेत. जुन्या आवृत्तींत अविभक्त भावांचा उताराच नाहीं. दुसरी गोष्ट, भाषांतर. १७७६ सालीं हालहेड यांचा हिंदु कायद्याचा इंग्रजी संग्रह छापला गेला. अकरा पंडितांनीं तो संस्कृतांत रचला, त्याचें फारशी भाषांतर झालें आणि त्या फारशीवरून इंग्रजी. अशा दोन उड्यांत गणपति करावयास जावें आणि मारुति व्हावा, ही भीति असतेच. म्हणून कोलब्रुक यांनीं थेट संस्कृतावरून ‘दायभाग’ व ‘मिताक्षरे’चा दायविभाग १८१० सालीं इंग्रजींत आणला, हें मोठेंच काम झालें. तिसरी गोष्ट, लिहिलेला कायदा आणि चाललेला व्यवहार यांतील अंतर. त्यासाठीं स्मृतिग्रंथ किंवा संहिता यांच्या शेजारीं खरेदीखतें, वांटणीपत्रें, निवाडे व सरकारी राजपत्रें ठेवून वाचावीं लागतात. चौथी गोष्ट, सूची. ड्यूई यांच्या वर्गीकरणांत कायदा ३४० या अंकाखालीं, तौलनिक कायदा ३४०·२ खालीं व प्राचीन विधिपद्धति ३४०·५ खालीं मिळतील. परंतु सेंट जेरोमचा धडा विसरतां कामा नये : हवी असलेली पोथी इतिहास, धर्म, भाषा, कोठेंही नोंदलेली असूं शकते. अशा वेळीं अनुभवी ग्रंथपालाचा एक शब्द दहा सूचींचें काम करतो.

परदेशचा कायदा हा केवळ कुतूहलाचा विषय आहे असेंही नाहीं. गोमंतकांत पोर्तुगालची १८६७ सालची दिवाणी संहिता १८७० पासून लागू झाली. १९६१ सालीं गोवा मुक्त झाल्यावरही तो कायदा चालू राहिला. पोर्तुगालनें मात्र १९६६ सालीं नवी संहिता केली व ती पुढील वर्षीं अंमलांत आणली. वारसाविषयक तरतुदींच्या जागीं गोव्यानें अलीकडे स्वतःचा कायदा केला असला, तरी पति-पत्नींच्या सामाईक मालमत्तेचें तत्त्व त्याच परंपरेंतून आलें आहे. म्हणजे लिस्बनमध्यें जें पुस्तक इतिहासाच्या कपाटांत गेलें, त्याचा अर्थ पणजींतील एखाद्या विधवेचा अर्धा हिस्सा ठरवीत राहिला. ही संहिता आतां परकीय कायदा नसून भारतीय कायद्याचाच भाग आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं सांगितलें. पण तो समजून घेण्यासाठीं अभ्यासकास पोर्तुगीज भाष्यांकडेच वळावें लागतें. पणजींतील मध्यवर्ती ग्रंथालयाची स्थापना १८३२ सालची आहे. अशा संस्था जपणें म्हणजे लोकांचे हक्क जपणें होय.

आपल्याकडेही व्हेरोनासारखे प्रसंग घडले आहेत. शतकानुशतकें केवळ नांवानें व अवतरणांनीं ठाऊक असलेलें कौटिल्याचें अर्थशास्त्र १९०५ सालीं म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयांत शामशास्त्री यांच्या हातीं आलें आणि १९०९ सालीं छापलें गेलें. तंजावर जिल्ह्यांतील एका पंडितानें ती पोथी ग्रंथालयास आणून दिली होती. महामहोपाध्याय काणे यांचा धर्मशास्त्राचा इतिहास १९३० पासून १९६२ पर्यंत पुण्याच्या भांडारकर संस्थेनें पांच खंडांत प्रसिद्ध केला. हें कामही अनेक ठिकाणच्या पोथ्या व पुस्तकसंग्रह यांवांचून होण्यासारखें नव्हतें.

जुन्या वाड्यांत माळ्यावर पडलेलीं दप्तरें, वाळवी लागलेलीं वांटणीपत्रें आणि कोणा आजोबांनीं हातानें उतरून ठेवलेले निर्णय आजही अनेक घरांत असतील. ज्यास तीं वाचतां येत नाहींत त्यानें तीं रद्दींत न टाकतां जवळच्या संशोधन-संस्थेस किंवा ग्रंथालयास दाखवावीं. गायसचें पुस्तक निरुपयोगी ठरवून ज्यानें खरडलें, त्यानेंही त्या दिवशीं शहाणपणाचाच व्यवहार केला असें त्याला वाटलें असेल.